उत्तरभागाचे वाचन : अर्सुला ल ग्विन यांची ‘टेहानू’ आणि वाचकाची स्मृती

बीजसंज्ञा : अद्भुतिका, कादंबरीमाला, उत्तरभाग, पुनर्वाचन, विस्मय, दृष्टिकोन

प्रस्तावना

कादंबरीमालेचा पहिला भाग हाती घेणारा वाचक आणि तिचा चौथा, सातवा अथवा दहावा भाग हाती घेणारा वाचक यांच्यात मोठे अंतर असते. पहिल्याला काहीच ठाऊक नसते. दुसऱ्याला लेखकाच्या खालोखाल त्या जगाची माहिती असते आणि त्या जगाविषयीचा हट्ट तर कित्येकदा लेखकापेक्षाही अधिक असतो. साहित्यविचारात या दुसऱ्या वाचकाची दखल फारशी घेतली गेलेली नाही. कादंबरी ही स्वयंपूर्ण कलाकृती होय, हे गृहीत धरून समीक्षेची परिभाषा घडलेली असल्यामुळे मालेतील उत्तरभागाचा विचार बहुधा दोन प्रश्नांपाशी थांबतो : तो आधीच्या भागांइतका सरस आहे काय, आणि कथानक पुढे सरकले काय?

सर्वच मालांना हा विचार सारखा लागू पडत नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. बाबूराव अर्णाळकरांच्या झुंजारकथा कोणत्याही क्रमाने वाचल्या तरी बिघडत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे एका साहसातून दुसऱ्या साहसात शिरतो, पण शाळकरीच राहतो. अशा मालेत ओळखीच्या अंगणात नवा डाव मांडला जातो आणि वाचकालाही तेच हवे असते. ज्या मालेत पात्रांची वये वाढतात, जखमांचे व्रण राहतात आणि एका पुस्तकातील कृत्याचे फळ पुढच्या पुस्तकात भोगावे लागते, त्या मालेत उत्तरभाग वाचणे म्हणजे पानोपानी मागचे आठवणे होय. अद्भुतिकेच्या, म्हणजे ज्याला सामान्यतः फँटसी म्हटले जाते त्या साहित्यप्रकाराच्या बाबतीत हे ओझे आणखी वाढते. कारण तेथे माणसांबरोबर भूगोल, भाषा, कुळे, जादूचे नियम हेही सारे वाचकाने स्मरणात बाळगायचे असते.

प्रस्तुत लेखात अशा वाचनाचे स्वरूप एका विशिष्ट कादंबरीच्या आधारे समजून घेतले आहे. अमेरिकन लेखिका अर्सुला के. ल ग्विन (१९२९–२०१८) यांच्या ‘अर्थसी’ मालेतील ‘टेहानू’ (१९९०) हा चौथा भाग होय. तिसरा भाग १९७२ साली प्रसिद्ध झाला होता. मधली अठरा वर्षे माला पूर्ण झाली असेच वाचक मानत होते.

मालेची पार्श्वभूमी

ल ग्विन यांचा जन्म कॅलिफोर्नियातील बर्कली येथे झाला. वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामवंत मानवशास्त्रज्ञ, तर आई थिओडोरा क्रोबर लेखिका. अर्थसी या असंख्य बेटांच्या जगाचे पहिले दर्शन १९६४ सालच्या दोन लघुकथांत घडते. पुढे पार्नासस प्रेस या प्रकाशनसंस्थेने कुमारवयीन वाचकांसाठी पुस्तक मागितले आणि त्यातून ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) ही कादंबरी सिद्ध झाली. पाठोपाठ ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’ आणि ‘द फार्देस्ट शोअर’ या कादंबऱ्या आल्या. शेवटच्या पुस्तकास १९७३ साली बालसाहित्यासाठीचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला.

तिन्ही पुस्तकांचा नायक गेड हा गाँट बेटावरील कांस्यकाराचा मुलगा. पहिल्या भागात तो रोक बेटावरील विद्यापीठवजा शाळेत जादू शिकतो, अहंकारापोटी एका काळ्या छायेस मुक्त करतो आणि अखेर तिला सामोरा जाऊन स्वतःचेच नाव देतो. दुसऱ्या भागात अटुआनच्या अंधाऱ्या थडग्यांत लहानपणापासून पुजारीण म्हणून कोंडलेली टेनार त्याला भेटते. दोघे तेथून निसटतात. तिसऱ्या भागात महाजादूगार झालेला प्रौढ गेड आरेन या राजपुत्रासह मृतांच्या प्रदेशात उतरतो, जगाला पडलेले भगदाड आपली सारी शक्ती खर्चून बुजवतो आणि आरेनला लेबानेन या नावाने सिंहासनाचा मार्ग मोकळा होतो. या जगातील जादू खऱ्या नावावर चालते. वस्तूचे वा व्यक्तीचे प्राचीन भाषेतील नाव ज्याला ठाऊक, त्याची तिच्यावर सत्ता. म्हणून माणसे आपले खरे नाव अत्यंत विश्वासाच्या व्यक्तीखेरीज कोणाला सांगत नाहीत.

एक गोष्ट जाता जाता नोंदवली पाहिजे. या मालेतील बहुसंख्य माणसे तपकिरी वा काळ्या वर्णाची आहेत. गोरे आहेत ते कारगाड प्रदेशातील लढाऊ लोक. गेड स्वतः तांबूस तपकिरी आहे. असे असूनही २००४ साली अमेरिकेत निघालेल्या दूरचित्रवाणी मालिकेत तो गोरा दाखवला गेला आणि ल ग्विन यांना त्याविरुद्ध जाहीरपणे लिहावे लागले. वाचक आणि रूपांतरकार आपल्याला सोयीचे तेवढेच लक्षात ठेवतात, याचे हे ठळक उदाहरण म्हणता येईल.

दोन कालगणना

‘टेहानू’च्या वाचनातील पहिली विशेष बाब काळासंबंधीची आहे. वाचकाच्या बाजूला अठरा वर्षे लोटलेली. कथेच्या बाजूला मात्र एक दिवसही नाही. किंबहुना चौथ्या भागाचा आरंभ तिसऱ्या भागाच्या शेवटाआधीच होतो. ‘द फार्देस्ट शोअर’च्या अखेरीस शक्तिहीन झालेला गेड कॅलेसिन या वृद्ध ड्रॅगनच्या पाठीवर बसून गाँटकडे निघून जातो. ‘टेहानू’त तोच ड्रॅगन कड्यावर उतरतो आणि त्याच्या पाठीवरून मरणप्राय अवस्थेतील एक माणूस खाली येतो. फरक इतकाच, की ही घटना आता कड्यावर उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यांनी दिसते. ही बाई म्हणजे टेनार. एका शेतकऱ्याची मध्यमवयीन विधवा. तिची दोन्ही मुले मोठी होऊन घराबाहेर पडलेली आहेत.

तिसऱ्या भागाचा शेवट मुद्दामच दुहेरी ठेवलेला होता. गेडच्या पराक्रमाचे गीत सांगते की तो राज्याभिषेकास आला आणि मग आपल्या नावेतून एकटाच दूर निघून गेला. गाँटचे लोक मात्र वेगळी कथा सांगतात : नवा राजा स्वतः गेडला शोधत बेटावर आला, पण गेड पायीच डोंगरातील रानात निघून गेला होता. राजानेही त्याचा पाठलाग करू दिला नाही. १९७२ च्या वाचकाने या दुसऱ्या कथेचा अर्थ कसा लावला असेल, हे सांगणे अवघड नाही. कार्य संपवून वानप्रस्थाला गेलेला विरक्त महापुरुष हे चित्र भारतीय वाचकालाच काय, कोणत्याही परंपरेतील वाचकाला परिचित असते आणि प्रियही असते.

‘टेहानू’त लेखिकेने ही गाँटची कथाच खरी मानली आहे. राजा खरोखरच येतो. गेड खरोखरच डोंगरात असतो. तिसऱ्या भागातील एकही तपशील खोटा ठरत नाही. पण आता कारण कळते : गेडला लाज वाटते आहे. ज्याच्यावर त्याने पुत्रवत् प्रेम केले त्या तरुण राजासमोर शक्ती गेलेला म्हातारा म्हणून उभे राहणे त्याला सोसवत नाही. राजाची माणसे येताच तो आधी गावातील मॉस या चेटकिणीच्या झोपडीत लपतो आणि मग वर कुरणात शेळ्या राखायला पळतो. ज्याला वाचकाने वैराग्य मानले, ते तोंड लपवणे होते.

उत्तरभागाच्या वाचनाचा गाभा येथे हाती लागतो. सामान्यतः असे समजले जाते की पुढचा भाग कथा पुढे नेतो. ‘टेहानू’ कथेला फारसे पुढे नेत नाही. तो वाचकाला मागच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर परत पाठवतो आणि तेथील वाक्ये जशीच्या तशी ठेवून त्यांचा अर्थ फिरवतो. हा परिणाम ज्याने आधीचे पुस्तक वाचले आहे, एवढेच नव्हे तर त्यावर जीव लावला आहे, त्याच्याच ठिकाणी घडू शकतो. नवख्या वाचकाला ‘टेहानू’तील गेड एक खचलेला माणूस एवढाच दिसेल. त्याच्या खचण्याची किंमत जुन्या वाचकाला कळते.

न विचारलेला प्रश्न

दुसरी बाब अधिक अडचणीची आहे. टेनारचे पुढे काय झाले, हा प्रश्न अठरा वर्षांत किती वाचकांना पडला असेल? दुसऱ्या भागाची ती नायिका होती. त्या भागाच्या शेवटी गेड तिला घेऊन हॅवनॉर नगरीत येतो, तिथून तिला आपल्या गुरूकडे, ओगियनकडे, ठेवण्याचे ठरते. तिसऱ्या भागात तिला जवळजवळ स्थानच नाही. गेड महाजादूगार झाला. टेनार कथेतून गळाली. वाचक आरेनबरोबर पुढे निघून गेला आणि मागे कोणी राहिले आहे याची त्याला जाणीवही झाली नाही.

‘टेहानू’ सांगते की ओगियनने तिला शिष्या म्हणून ठेवून घेतले होते, विद्याही देऊ केली होती. तिनेच ती ग्रंथविद्या नाकारली, फ्लिंट नावाच्या शेतकऱ्याशी लग्न केले, गोहा हे साधे घरगुती नाव घेतले, मुले वाढवली. तिने हे का केले याचे सरळ उत्तर कादंबरीत नाही. स्वतः टेनारही त्याच्याशी झगडते. पुरुषांसाठी बेतलेली विद्या परक्याचे कपडे घातल्यासारखी वाटते, असे काहीसे तिचे म्हणणे आहे.

या जगात स्त्रियांना मोठी जादू शिकवली जात नाही, ही गोष्ट पहिल्या भागातच स्पष्ट होती. रोकच्या शाळेत फक्त मुलगे. खेड्यातील चेटकिणींची विद्या दुबळी आणि कपटी असते अशा अर्थाच्या म्हणी तेथील लोकांत रूढ आहेत. गेडला जादूचा पहिला शब्द त्याच्या मावशीने, गावच्या एका चेटकिणीने, शिकवला. पण ती विसरली जाते आणि गुरू म्हणून नाव राहते ते ओगियनचे. १९६८ मध्ये हे सारे वाचकाने त्या जगाचा भूगोल स्वीकारावा तसे स्वीकारले. ‘टेहानू’ हा नियम बदलत नाही. नियमाखाली राहणाऱ्या माणसांच्या घरात वाचकाला नेऊन बसवते, इतकेच. १९९२ साली ऑक्सफर्ड येथे दिलेल्या आणि पुढे पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात ल ग्विन यांनीही आपण अर्थसीचे जग बदलले नसून ते पाहण्याची जागा बदलली, अशा आशयाचे प्रतिपादन केले आहे. चौथे पुस्तक तिसऱ्यानंतर लवकरच लिहावयास घेतले होते. परंतु टेनारच्या संसारापाशी लेखणी अडली, असेही त्यांनी अन्यत्र नमूद केले आहे.

ओगियनच्या मृत्यूचा प्रसंग या दृष्टीने मुळातून अभ्यासण्यासारखा आहे. मरताना तो आपले खरे नाव, आइहाल, टेनारला सांगतो. दुसऱ्या दिवशी दोन जादूगार येतात आणि इतक्या थोर पुरुषाचे दफन कोणी व कोठे करावे याबद्दल त्यांच्यात वाद सुरू होतो. टेनार त्याचे नाव आणि त्याची इच्छा दोन्ही उच्चारते. तरुण जादूगार तिच्याकडे पाहतो, खेड्यातली एक प्रौढ बाई एवढीच नोंद घेतो आणि तोंड फिरवतो. जुना वाचक येथे अस्वस्थ होतो, कारण ही बाई कोण हे त्याला ठाऊक आहे. शांतीचे चिन्ह असलेले भंगलेले कडे जोडून आणणारी, दोन भागांपूर्वी हॅवनॉरच्या रस्त्यांतून जिचा जयजयकार झाला तीच ही. आणि तरीही तिसरा भाग वाचताना त्याने स्वतःही तोंडच फिरवले होते.

पुढे रोकच्या आचार्यांची फजिती आणखी स्पष्ट होते. नव्या महाजादूगाराचा शोध चाललेला असताना एका आचार्याच्या तोंडून ‘गाँटवरील एक स्त्री’ असे शब्द निघतात. विद्वान मंडळी अर्थ लावतात : त्या स्त्रीकडून योग्य पुरुषाचा पत्ता लागणार असेल. ती स्त्रीच अपेक्षित व्यक्ती असू शकेल, ही शक्यता त्यांच्या विचाराच्या कक्षेतच येत नाही. महाविद्यालयीन प्राध्यापकांना हा प्रसंग वाचताना आपापल्या निवड समित्यांची आठवण झाल्यास तो दोष लेखिकेचा नव्हे.

विस्मयाचे काय करावयाचे?

भरताच्या रसविचारात अद्भुताचा स्थायिभाव विस्मय सांगितला आहे. विस्मयाची एक मर्यादा सर्वांच्या अनुभवाची आहे : तो पुनरावृत्तीने झिजतो. पहिल्या भागात ड्रॅगन दिसला की वाचक थरारतो. चौथ्या भागात तो दिसला तर वाचक त्याला ओळख दाखवतो. दीर्घ अद्भुतिकांपुढील ही खरी तांत्रिक अडचण आहे. तिच्यावरचा प्रचलित उपाय म्हणजे प्रमाण वाढवणे. सैन्य मोठे, शत्रू अधिक भीषण, पात्रे शेकड्यांनी, पुस्तके जाडजूड. रॉबर्ट जॉर्डन यांची १९९० साली सुरू झालेली ‘द व्हील ऑफ टाइम’ ही माला याच वाटेने चौदा मुख्य खंडांपर्यंत वाढली. २००७ मध्ये लेखकाचे निधन झाल्यावर ती ब्रँडन सँडरसन यांनी २०१३ साली पूर्ण केली. त्या मालेतील दहावा खंड हाती घेणाऱ्यास कोण कोणाच्या बाजूने आहे हे आठवण्यासाठीच परिशिष्टातील शब्दसूचीचा आधार घ्यावा लागतो.

ल ग्विन यांनी उलट मार्ग धरला. ‘टेहानू’त प्रमाण घटते. जगाचा नाश टाळण्याच्या कथेनंतर येते ती एका शेतघराची कथा : शेळ्यांचे दूध, चीज, चुलीची राख, भोके पडलेली पादत्राणे, भाजलेल्या मुलीसाठी शिवलेला तांबडा कपडा. ही मुलगी, थेरू, कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे. तिच्याच माणसांनी तिच्यावर अत्याचार करून तिला आगीत लोटलेले असते. अर्धा चेहरा आणि एक हात जळून गेलेला. टेनार तिला वाचवते. पण तिला पूर्ववत करू शकत नाही. कोणतीही जादू ते करू शकत नाही. अर्थसीत जादूने वादळे शमतात, बेटे थरथरतात. एका मुलीच्या गालावरची कातडी मात्र परत येत नाही. अद्भुतिकेच्या वाचकाला हा नियम पचवणे सर्वांत कठीण जाते, कारण ‘शेवटी सारे नीट होईल’ या अलिखित कराराचा तो भंग वाटतो.

जादू गेल्यानंतरचा गेडही असाच नव्याने वाचावा लागतो. टेनारच्या शेतघरावर रात्री दुष्ट माणसे चालून येतात तेव्हा तो त्यांच्यावर मंत्र टाकत नाही. गवत उपसण्याच्या काट्याने एकाला भोसकतो आणि नंतर त्याच जखमी माणसाच्या शुश्रूषेची काळजी वाहतो. त्या हिवाळ्यात टेनार आणि गेड सोबत राहू लागतात. मग टेनारचा खलाशी मुलगा स्पार्क परततो आणि शेतावर मालकी सांगतो. जेवल्यावर स्वतःची थाळी उचलण्यास तो नकार देतो. ते बायकांचे काम, असे त्याचे म्हणणे. गेड मात्र भांडी घासतो. तीन खंड ज्याने ड्रॅगनांशी आणि मृत्यूशी संवाद केला त्या पुरुषाची परीक्षा आता मोरीपाशी होते आहे, हे ज्याच्या लक्षात येत नाही त्याला ही कादंबरी रटाळ वाटणे स्वाभाविक आहे.

कादंबरीत एक जुना रेशमी पंखा आहे, री अल्बी गावातील वृद्ध विणकराच्या मालकीचा. एका बाजूला नगरीतील सुंदर वेशभूषेतली स्त्री-पुरुषे रंगवलेली. दुसऱ्या बाजूला ड्रॅगन. पंखा प्रकाशासमोर धरला की दोन्ही बाजू एकमेकींतून दिसतात आणि माणसांना पंख फुटतात. माणसे आणि ड्रॅगन मुळात एकच होते, या लोककथेला येथे दृश्य रूप मिळते. विस्मय संपलेला नाही. तो घरातल्या घडी घातलेल्या वस्तूत येऊन राहिला आहे.

वाचकाची तक्रार

‘टेहानू’स १९९० चा नेब्युला पुरस्कार मिळाला, तरी जुन्या वाचकांतील एक गट नाराज झाला. लेखिकेने उत्तरकालीन स्त्रीवादी मते एका सुंदर त्रयीवर लादली, गेडला विनाकारण खुजे केले, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप प्रतिगामी म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु तसे करणे न्याय्य ठरणार नाही. वाचकाने बारा-तेराव्या वर्षी ज्या पुस्तकाच्या आधाराने स्वतःला घडवले, त्या पुस्तकावर त्याचा काही हक्क असतो. लेखिकेला कथा पुन्हा उघडण्याचा अधिकार आहे, हे मान्य केले तरी त्यामुळे वाचकाचे काही हिरावले गेले नाही असे म्हणता येत नाही.

शिवाय कादंबरीत खरोखरीचे दोष आहेत. री अल्बीच्या जमीनदाराच्या पदरी असलेला आस्पेन हा खलपुरुष फार पातळ रेखाटला आहे. त्याच्या स्त्रीद्वेषाला पार्श्वभूमी नाही. पहिल्या भागातील छायेइतकी तर त्याची भीतीही वाटत नाही. शेवटच्या प्रकरणात टेनार आणि गेड त्याच्या मंत्राने जखडले जातात तेव्हा थेरू ड्रॅगनला हाक मारते आणि कॅलेसिन येऊन आस्पेनचा निकाल लावतो. इतका वेळ दैवी मदतीविना जगण्याचा आग्रह धरणाऱ्या कथेत ही सुटका आकाशातून येते. मदत मागणारी मुलगी स्वतःच ड्रॅगनवंशीय आहे, तिचे खरे नाव टेहानू हे टेनारने तिला आधीच एका ताऱ्याचे नाव म्हणून नकळत सांगितलेले आहे, इत्यादी समर्थने देता येतात. तरीही घाई जाणवतेच.

मात्र तक्रारीचा मुख्य भाग, म्हणजे गेड खुजा झाला हा, पुस्तकातच अंतर्भूत आहे. टेनारलाही तो राग येतो. गेडलाही स्वतःविषयी तेच वाटते. वाचकाचे दुःख कादंबरीने बाहेर ठेवलेले नाही. पात्रांच्या तोंडी दिलेले आहे. जुना वाचक चिडतो तेव्हा तो कादंबरीच्या विरुद्ध जात नसून गेडच्या शेजारी कुरणावर जाऊन बसतो.

भारतीय परंपरेतील एक समांतर उदाहरण

विदर्भातील पद्मपूरचा म्हणून ओळखला जाणारा भवभूती याने आठव्या शतकात ‘उत्तररामचरित’ हे सात अंकी नाटक रचले. राज्याभिषेकापाशी सुखाने संपू शकणाऱ्या कथेचा उत्तरभाग हाच त्याचा विषय. ‘टेहानू’शी त्याचा काही संबंध असल्याचे येथे सुचवावयाचे नाही, परंतु उत्तरभाग कसा वाचला जातो हे समजण्यास त्याचा पहिला अंक फार उपयोगी आहे. या अंकात लक्ष्मण राम-सीतेला त्यांच्याच पूर्वचरित्राची चित्रे दाखवतो. आजच्या मालांत आरंभी ‘मागील भागात’ म्हणून जो सारांश येतो, त्याचेच हे नाट्यरूप म्हणावे. पण भवभूतीचा सारांश निरुपद्रवी नाही. चित्रे पाहूनच गर्भवती सीतेला पुन्हा वनात जाण्याची इच्छा होते आणि तीच इच्छा तिच्या त्यागाला निमित्त पुरवते. गतकथेचे स्मरण हेच पुढच्या आपत्तीचे दार ठरते. रामाची थोरवी मान्य असलेल्या प्रेक्षकालाच हे नाटक बोचते, आणि तिसऱ्या अंकात रामाला सीतेच्या अदृश्य सान्निध्यात विलाप करताना पाहून त्याला करुणेबरोबर एक सूक्ष्म रागही अनुभवावा लागतो. भवभूती शेवटी पुनर्मीलन घडवतो. ल ग्विन थेरूचा चेहरा तसाच ठेवतात.

‘शेवटचे पुस्तक’ आणि त्यानंतर

‘टेहानू’च्या मुखपृष्ठावर ‘अर्थसीचे शेवटचे पुस्तक’ असे उपशीर्षक होते. ते खरे ठरले नाही. २००१ साली ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ हा कथासंग्रह आणि ‘दि अदर विंड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. कथासंग्रहात रोकच्या शाळेच्या स्थापनेत स्त्रियांचा वाटा होता आणि पुढे त्यांना बाहेर काढण्यात आले, हे उघड होते. ‘दि अदर विंड’मध्ये तर तिसऱ्या भागातील मृतांचा कोरडा प्रदेश हीच एक जुनी चूक असल्याचे ठरते आणि त्याची भिंत पाडली जाते. म्हणजे ‘टेहानू’ने आधीच्या तीन भागांचे जे केले, तेच पुढच्या दोहोंनी ‘टेहानू’सह सर्वांचे केले. टेहानू ही तरुणी त्या कादंबरीच्या अखेरीस ड्रॅगन होऊन उडून जाते. टेनारला आईपणाची दुसरी किंमत मोजावी लागते.

२०१८ साली सर्व अर्थसी साहित्य चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांसह एकाच जाड ग्रंथात प्रसिद्ध झाले. आजचा विद्यार्थी तो ग्रंथ सुट्टीच्या पंधरवड्यात संपवू शकतो. त्याची सोय झाली आहे. पण अठरा वर्षे त्या ग्रंथात छापता आलेली नाहीत. १९७२ मध्ये आरेनच्या वयाचा असलेला वाचक १९९० मध्ये टेनारच्या वयाच्या जवळ आलेला होता. मधल्या काळात त्याने संसार, नोकरी, कोणाचा तरी मृत्यू पाहिलेला होता. ‘टेहानू’तील कितीतरी वाक्ये त्याच्या बाबतीत लेखिकेने लिहिण्याआधीच अर्धी तयार होती.

वर्गात ही माला शिकवावयाची झाल्यास हा काळ काही अंशी तरी निर्माण करावा लागेल. ‘द फार्देस्ट शोअर’ एका सत्रात वाचून संपवावे. गेड रानात का निघून गेला असावा, यावर विद्यार्थ्यांकडून एक पान लिहून घ्यावे आणि ते जपून ठेवावे. ‘टेहानू’ पुढच्या वर्षी हाती द्यावे. राजाचे गलबत गाँटच्या बंदरात येते तेथपर्यंत वाचन झाले, की ते पान ज्याचे त्याला परत करावे.